पार्श्वभूमीचा आवाज

४ मार्च, सोमवार

दिवसभर मी दुसऱ्याने लिहिलेली वाक्यं बोलते. "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत." "आणखी काही मदत करू शकते का?" निदान एका वहीत तरी आपली स्वतःची वाक्यं असावीत म्हणून ही आणली होती, आणि मग महिनोन् महिने तिला हात लावला नाही. आज लावतेय, कारण आज डोकं फिरलंय.

सकाळी मीटिंग झाली. आमच्या टीमची लीडर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहे. मनातल्या मनात मी तिला हसरी म्हणते, कारण बातमी जितकी वाईट तितके तिचे दात जास्त दिसतात. आज बत्तिशी दिसली. पुढच्या महिन्यापासून घरून काम बंद, सगळ्यांनी ऑफिसात यायचं. योजनेचं नाव काय, तर 'लवचीक'. म्हणजे सकाळची पाळी घ्यायची की दुपारची, हे आपलं आपण ठरवायचं. सुळावर कुठल्या पायाने चढायचं याची पूर्ण मोकळीक.

माझा आवाज चढलाच. "अहो, माझे वडील अंथरुणाला खिळलेत. त्यांना टाकून मी येऊ कशी? नोकरी सोडून देऊ का?" असं काय काय बोलले. हसरी म्हणाली, "ताई, विशेष परिस्थिती असेल तर सूट आहे. तुम्ही अर्ज करा, मी पुढे पाठवते." मग मी हेडफोन परत कानांवर चढवला आणि दोन्ही बूट डाव्या पायाचे आलेल्या एका गृहस्थाची मनापासून माफी मागितली.

बाबांना यातलं काही सांगितलं नाही. त्यांचा पलंग माझ्या टेबलापासून दोन हातांवर आहे, पण तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून झोपले होते. बरं झालं.

५ मार्च, मंगळवार

अर्ज लिहायला बसले तर वडिलांचं वर्णन तीन ओळींत करा म्हणतात. तीन ओळींत बाबा कसे मावतील? इथे लिहून बघते.

बाबा आयुष्यभर बसवर कंडक्टर. तीन वर्षांपूर्वी डाव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं शाबूत, टिंगल शाबूत, उजवा हात शाबूत. पण कोणी धरून उठवल्याशिवाय बाथरूमपर्यंत जाता येत नाही. पलंगाखाली भांडं आहे, ते एका हाताने जमत नाही, सांडतं, आणि सांडलं की दोन दिवस तोंड फिरवून बसतात. एकदा डायपरचं पाकीट मागवलं, तर म्हणाले, "परत पाठव. तुमच्या कंपनीत न आवडलेला माल परत घेतात ना?" एक बाई कामाला ठेवली होती. तिला तिसऱ्या दिवशी त्यांनी मधल्या थांब्यावर उतरवलं.

म्हणून हे सगळं मी करते, कॉल आणि कॉलच्या मधल्या फटीत. मी बोलत असताना त्यांनी हाक मारायची नाही, कारण आमच्या कॉलना गुण असतात आणि 'पार्श्वभूमीचा आवाज' यालाही दहा गुण आहेत. त्यामुळे बाबांनी आपली जुनी घंटाच चालू केली. पलंगाच्या लोखंडी कडेवर चमचा. एक ठोका म्हणजे गाडी थांबव, इकडे ये. दोन ठोके म्हणजे सगळं ठीक, चालू दे. दोनदोन ठोके ते उगाचच मारत राहतात दिवसभर, मी मध्येच दमलेली दिसले की. माझे आठवड्याचे गुण त्यातच जातात. मी चमच्याला रबर गुंडाळलं, तर म्हणाले, "घंटेला मफलर घालतात का कुठे?"

पाणी मात्र दोघंही जपून पितो. ड्युटीवर पाणी प्यायचं नाही, हा बाबांच्या खात्यातला पहिला धडा. भरल्या गाडीतून कंडक्टर उतरणार कुठे आणि कधी? मीही तेच शिकले. कॉल सोडून उठलं की आमच्याकडे घड्याळ चालू होतं. फक्त मी घरी असते म्हणून बाबा दिवसा बिनधास्त पितात. ही एवढी एक चैन आहे त्यांची.

यातलं काय लिहू अर्जात? 'वडील परावलंबी आहेत,' असं लिहिलं. लिहिताना चोरी केल्यासारखं वाटलं.

७ मार्च, गुरुवार

नवल घडलं. सकाळी बाबा म्हणाले, "माळ्यावरचा तो वॉकर काढ गं." दीड वर्षापूर्वी 'असली सर्कस मला नको' म्हणून त्यांनीच तो वर टाकायला लावला होता.

"आज कुठे फेरी निघाली?"

"निघेल कुठेतरी. गाडी डेपोत ठेवून गंजते, पोरी."

दुपारपर्यंत दोनदा उभे राहिले. पाय थरथरत होते, कपाळावर घाम, पण उभे राहिले. मी टाळ्या वाजवल्या. इतके महिने मी समजावून थकले आणि आता आपणहून उत्साह आला. माणसाच्या मनाचा काही नेम नाही.

१० मार्च, रविवार

दादाचा फोन. तो लांबच्या शहरात आहे, दर रविवारी फोन करतो आणि सल्ला देऊन मोकळा होतो. म्हणाला, "चांगला वृद्धाश्रम बघतो. किती दिवस स्वतःला जाळून घेणार आहेस?" त्याचं अगदीच चूक नाही, हे मला कळतं, म्हणूनच जास्त राग येतो. मी म्हटलं, "मी बाबांना शब्द दिलाय. या घरातून त्यांना कुठेही पाठवणार नाही." तो म्हणाला, "शब्दाने माणूस उचलता येतो का?"

फोन ठेवला तर पलंगावरून दोन ठोके आले. टण, टण. बघितलं तर बाबा छताकडे बघत होते.

आता सगळं त्या अर्जावर आहे. सूट मिळाली तर बाबा घरी राहतील. नाही मिळाली तर काय, ते मला सुचत नाही.

१९ मार्च, मंगळवार



आज पडताळणी होती. कंपनीतली एक बाई कॅमेऱ्यावरून बाबांशी बोलणार होती. मी काल त्यांना एवढंच सांगितलं, की ऑफिसातून कोणी दोन प्रश्न विचारेल, खरं काय ते सांगा. त्यांनी सकाळी दाढी करून मागितली. इस्त्रीचा शर्ट मागितला. केसांना पाणी लावून भांग पाडला. मला हसू आलं.

बाईंनी विचारलं, "काका, दिवसा एकटे राहू शकता का तुम्ही?"

आणि बाबांनी वॉकर धरला आणि उभे राहिले. एका दमात. "का नाही? ठणठणीत आहे मी. माझं माझं सगळं करतो. पोरीच्या कामात माझा काडीचा अडथळा नाही, लिहून घ्या."

मी मध्ये बोलायला गेले, तर बाई म्हणाल्या, "काकांना बोलू द्या ना, ताई." बाबांचा गुडघा लटपटत होता, पण कॅमेऱ्यात कमरेच्या वरचंच दिसतं. बाई कौतुकाने म्हणाल्या, "या वयात असा उत्साह बघायला मिळत नाही."

बंद झाल्यावर मी ओरडले. गेल्या कित्येक वर्षांत त्यांच्यावर एवढी ओरडले नसेन. ते पलंगावर कोसळलेले, धापा टाकत होते, आणि चेहरा असा की जणू मैदान मारून आलेत.

"अगं वेडे, तपासनीस गाडीत चढला की सगळं चोख दाखवायचं असतं. जरा उणं सापडलं की मेमो. आणि मेमो माझ्या नाही, तुझ्या नावावर फाटला असता."

"बाबा, ती तपासनीस नव्हती हो! उणं दाखवायचं म्हणूनच बोलावलं होतं तिला!"

"असं कुठलं खातं असतं, जिथे उणं दाखवलं की बक्षीस मिळतं?" ते म्हणाले. "तुझी नोकरी जाता कामा नये. बस."

नोकरी जायची गोष्ट यांच्या डोक्यात कुठून आली, देव जाणे.

२२ मार्च, शुक्रवार

नामंजूर. 'कुटुंबीय स्वावलंबी आढळले.' मी हसरीला फोन केला, सगळं खरंखरं सांगितलं, रडलेही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, रेकॉर्डिंग आहे ना. ते बघून कोणी तुमचं ऐकणार नाही. तीन महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येईल." प्रथमच तिचे दात दिसले नाहीत, पण फोनवर ते कसे दिसणार?

बाबांना सांगितलं. म्हणाले, "मग बरंच झालं. जा तू. मी बघतो."

"काय बघता? बाथरूमला कोण नेणार?"

"वॉकर कशाला काढलाय? शोभेला?"

३१ मार्च, रविवार

आठवडाभर तालीम चालू आहे. मी दाराआड उभी राहते, ते वॉकर घेऊन बाथरूमपर्यंत जातात. एकदा गेले आणि आलेही. नंतर तासभर पडून होते. एकदा मध्येच अडकले तेव्हा मी धावले. "तू आलीस म्हणून लक्ष विचलित झालं," म्हणाले.

तळमजल्यावर शिंपीकाका आहेत, त्यांच्याकडे किल्ली दिली. गुडघे त्यांचेही गेलेत, तरी दुपारी एकदा जिना चढून डोकावतो म्हणाले. धरून नेतो असंही म्हणाले, तर बाबा म्हणाले, "तू कापड धर. मला धरायला बाहेरचा माणूस नको."

दादाला कळवलं नाही. त्याला निमित्तच हवंय.

१ एप्रिल, सोमवार

पहिला दिवस. सकाळची पाळी घेतली. स्टुलावर डबा, पाण्याचा जग, पेला, गोळ्या, चमचा असं सगळं त्यांच्या उजव्या हाताला लावून ठेवलं आणि निघाले.  पहिल्याच ग्राहकाला मी 'बाबा' म्हणाले.

घरी पोचले तर बाबा पलंगावर बसून पेपर वाचत होते. डबा खाल्लेला. जग रिकामा. भांडं कोरडं ठाक.

"बाथरूमला?"

"जाऊन आलो की. दोनदा. तुझी परवानगी घ्यायची राहिली."

मला रडूच आलं. मग म्हणाले, "आता आलीच आहेस तर एकदा घेऊन चल. आयतं मिळतंय तर का सोडा?"

८ एप्रिल, सोमवार

एक गोष्ट लिहून टाकते, वाचणारं कोणी नाही. मला ऑफिस आवडतंय. तीन वर्षं मी एका खोलीत होते. तिथे शेजारच्या खुर्चीतली मुलगी आपल्या सासूची नक्कल करते, कॅन्टीनचा चहा पाणचट आहे पण चार माणसांत पिता येतो. परवा मी मोठ्याने हसले आणि आवाज ऐकून मीच दचकले.

बाबांना सांगितलं तर खूष झाले. "बघ! आणि तू अर्ज करत सुटली होतीस."

पार्श्वभूमीच्या आवाजाचे गुण मात्र तिथेही कापले जातात. शंभर माणसं बोलत असतात.

१७ एप्रिल, बुधवार

उन्हाळा बोकाळलाय. आणि आमच्याकडे खिडकीतलं रोप तरारलंय! आईने लावलेलं ते, बाबांच्या उशाशीच आहे. आई गेल्यापासून त्याच्याकडे कोणी बघत नाही, मला तर पाणी घातल्याचं आठवतच नाही. कधीतरी एखादं पान टिकवून धरायचं. आता बघावं तर कोवळी पालवी. म्हटलं, "बाबा, हे कशावर वाढतंय?" म्हणाले, "तुझ्या पुण्याईवर."

घरी गेल्या गेल्या आता क्रमच ठरलाय. आधी बाथरूम, मग बाबा दोन-तीन पेले पाणी घटाघटा पितात. दिवसाचा जग संपवून वर हे. मी म्हणते, "बस आहात की टँकर?" या उन्हात पितात ते चांगलंच आहे.

२५ एप्रिल, गुरुवार

बाबांचे ओठ फुटलेत, जीभ पांढरी दिसते. मलम लावलं. शिंपीकाका जिन्यात भेटले, म्हणाले, "तुझे वडील दुपारी फार पेंगतात गं. मी बोलतोय आणि ते डोळे मिटून." म्हटलं, उन्हाने पेंगतातच म्हातारी माणसं. लघवीही गडद होतेय, बहुतेक त्या नव्या गोळीमुळे. रविवारी डॉक्टरांना विचारायचं, की रविवारी दवाखाना बंद असतो? शनिवारी माझी पाळी आहे.

कॅमेऱ्यावर उभा राहिलेला तो माणूस आता वॉकरला हात लावताना मला दिसत नाही. मी म्हटलं तर म्हणाले, "दिवसभर चालून दमतो मी."

३ मे, शुक्रवार

शेजारच्या खुर्चीतल्या मुलीचा वाढदिवस. सुटल्यावर सगळ्या चहाला थांबल्या, मीही थांबले. घरी यायला उशीर झाला. बाबा पलंगाच्या कडेला येऊन बसले होते, चमचा हातात घट्ट. मी आत शिरताच एकच ठोका मारला. एकच. बाथरूमला नेलं तर वाटेतच सगळं झालं. ते रडले. मी बाबांना रडताना आईच्या वेळीही बघितलं नव्हतं.

"काही नाही हो, होतं असं," मी म्हणत राहिले आणि पुसत राहिले. "दुपारी गेला नव्हता का?"

"गेलो होतो," ते म्हणाले. "गेलो होतो."

मी पुन्हा कधी थांबणार नाही.

९ मे, गुरुवार

इस्पितळाच्या बाकावर लिहितेय.

परवा घरी आले तर बाबा मला ओळखेनात. "पुढे सरका, पुढे जागा आहे," असं मला म्हणत होते. अंग तापलेलं, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. शिंपीकाका आणि त्यांचं एक गिऱ्हाईक, दोघांनी मिळून खाली आणलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाणी किती पितात?"

"भरपूर. जग ठेवते मी, रोज रिकामा होतो. शिवाय मी आले की वर दोन-तीन पेले."

त्यांनी तपासणीचा कागद उचलला. म्हणाल्या, "यांचं शरीर आठवडेच्या आठवडे कोरडं पडत आलंय. मूत्रपिंडं गेल्यात जमा आहेत. तुम्ही म्हणता तेवढं पाणी पिणारा माणूस असा येत नाही."

मी म्हटलं, "डॉक्टर, मी स्वतःच्या डोळ्यांनी रिकामा जग बघितलाय." मी भांडलेच त्यांच्याशी. तपासणीत चूक असेल म्हणाले.

हसरीने निरोप पाठवला, काळजी घ्या, पाळी मी सांभाळते.

१२ मे, रविवार

अंघोळीला घरी आले. खिडकीतलं रोप माना टाकून पडलंय. पानं लोंबतायत, माती पांढरी फटक.

त्याच्यासमोर मी किती वेळ उभी होते कोण जाणे. चार-पाच दिवस घरात कोणी नव्हतं आणि ते वाळलं. म्हणजे त्याआधी त्याला कोणीतरी पाणी घालत होतं. मी घालत नव्हते. मी कधीच घातलं नव्हतं.

स्टूल, जग, कुंडी. सगळं त्यांच्या उजव्या हाताच्या अंतरावर. मीच मांडलेलं.

ते कधीच गेले नव्हते बाथरूमला. एकही दिवस. भांडं कोरडं असायचं, ते त्यांनी पाणीच प्यायलं नाही म्हणून. मी येईपर्यंत धरून बसायचे आणि मी आले की तहानेने टँकरसारखे प्यायचे, आणि मी विनोद करायचे. मी विनोद करायचे! ओठांना मलम लावायचे. रोज रिकामा जग विसळून पालथा घालताना किती समाधान वाटायचं मला.

माझ्यासारखी मूर्ख बाई शोधून सापडणार नाही.

१३ मे, सोमवार

आज शुद्ध होती. मी पलंगाच्या कडेला बसले आणि विचारलं, "पाणी कुंडीत ओतायचात?"

 मग, "हं."

"का पण? का, बाबा?"

"ड्युटीवर..." एवढंच म्हणाले आणि ओठांवरून जीभ फिरवायला लागले. मी कापूस ओला करून लावला.

"ड्युटी तुमची नव्हती हो. माझी होती."

"गाडी एकच की," ते म्हणाले.

मला त्यांना हलवून हलवून ओरडावंसं वाटत होतं, की मी नोकरी सोडली असती, भीक मागितली असती, दादाशी बोलले असते. पण मी खरंच सोडली असती का? मी तर वाढदिवसाच्या चहाला थांबले होते.

भेटीची वेळ संपली. परिचारिका म्हणाली, "चला, बाहेर व्हा आता." मी उठेना. तेव्हा बाबांनी उजव्या हाताचं बोट उचललं आणि पलंगाच्या दांडीवर वाजवलं. दोनदा. रबर गुंडाळलेल्या चमच्याहूनही बारीक आवाज.

मी निघाले. दोन ठोके ऐकून निघायची सवयच लागलेली आहे मला.

१५ मे, बुधवार

बाबा गेले. काल सकाळी. मी बसमध्ये होते, त्यांच्याकडेच निघाले होते. बस दर थांब्यावर थांबत होती.

२० मे, सोमवार

दादा येऊन गेला. "सुटले बिचारे," म्हणाला. मी म्हटलं, "सुटले नाहीत. तहानेने मेले, तुझ्या बहिणीच्या घरात, भरल्या जगाशेजारी." तो घाबरला. मग म्हणाला, "मी आश्रमाचं म्हणत होतो तेव्हा..." आणि वाक्य गिळलं. तिथे कोणीतरी त्यांना वेळेवर बाथरूमला नेलं असतं. त्याला हेच म्हणायचं होतं, आणि ते खरं आहे. शब्द दिलाय म्हणून मी छाती पुढे काढून मिरवत होते.

कुंडी शिंपीकाका घेऊन गेले. मला तिला पाणी घालवेना.

३ जून, सोमवार

आज रुजू झाले. हसरीने मला बाजूला घेतलं. हसत नव्हती. म्हणाली, "ताई, कसं सांगू कळत नाही. सगळे आल्यावर खुर्च्या पुरत नाहीयेत. वरून ठरलंय, की जुन्या लोकांनी परत घरूनच काम करायचं. तुमचं नाव यादीत पहिलं आहे." तिचे डोळे भरून आले होते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत." तोंडातून तेच निघालं. दुसरं वाक्य शिल्लकच नाही माझ्यात.

सूट नाही, अर्ज नाही, पडताळणी नाही. नुसत्या खुर्च्या कमी पडल्या. दोन महिने आधी कोणी त्या मोजल्या असत्या तर.

७ जून, शुक्रवार

टेबल तेच, जागा तीच. पलंग हलवायला माणूस बोलवायचा म्हणते आणि बोलवत नाही. हेडफोन पूर्वी उजव्या कानावरून जरा सरकवून ठेवायचे, चमचा ऐकू यावा म्हणून. अजून तसंच ठेवते.

एका आजींचा कॉल होता. त्यांना वस्तू उघडता येत नव्हती, बाकी तक्रार नव्हती. म्हणाल्या, "किती शांत जागी बसलीस गं तू." मी त्यांना म्हटलं, "आजी, आधी उठून पाणी प्या." हे आमच्या लिहिलेल्या वाक्यांत नाही.

मी स्वतः मात्र पीत नाही. पेला भरते आणि ठेवते.

१४ जून, शुक्रवार

आठवड्याचे गुण आले. नम्रता, नऊ. माहिती, नऊ. पार्श्वभूमीचा आवाज, दहापैकी दहा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

खाली हसरीने लिहिलंय, "छान, ताई. असंच चालू ठेवा."